निळ्या झाकणाचं पाणी

"मी काही बोलत नाही," झिनाइदा म्हणाली, आणि तायसियाने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. आपली ही नणंद असं म्हणाली की पुढचा तासभर दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला मिळत नाही, हे तिला लग्न होऊन या घरात आल्यापासून ठाऊक होतं.

"मी काही बोलत नाही, पण कोरोवाय म्हणजे चहात बुडवून खायचा पाव नव्हे. लग्नाचा कोरोवाय सवाष्णींनीच मळायचा. पहिल्या लग्नाच्या, नवरा हयात असलेल्या. आणि बायका विषम हव्यात. तीन, पाच, सात. आता हे काय मी ठरवलंय का?"

"मग तू कशी गं चालतेस?" शेजारच्या मोत्रियाने विचारलं. मोत्रिया कणीक मळण्यात तरबेज होती, म्हणून तिच्या जिभेचं स्लोबिदका ही सगळी वस्ती सहन करायची. "तुझा नवरा तर त्या पार्लरवालीबरोबर पोलंडला पळाला."

"पळाला, मेला नाही!" झिनाइदाने पदर खोचावा तसे दोन्ही हात एप्रनमध्ये खोचले. "घटस्फोट मी दिलेला नाही. फोटो बघितलेत मी त्याचे, चांगला गरगरीत झालाय. कायद्याने माझा नवरा आहे आणि हयात आहे. दुसरीच्या घरी हयात आहे, एवढंच."

बाकावर बसून कोरोवायवर खोचायला हिरव्या डहाळ्या निवडणारी ओरिस्या खुदकन हसली. रविवारी लग्न तिचंच होतं, त्यामुळे कणकेला हात लावायची तिला मनाई होती. तिच्या आईलाही, म्हणजे तायसियाच्या लेकीला लारिसालाही मनाई होती, म्हणून तिला सकाळीच बाजारात पिटाळलं होतं. "आजी, मी काय म्हणते, बेकरीतून आणला तर? हल्ली छान मिळतात. वर हंससुद्धा असतात."

अंगणातल्या त्या उन्हाळी स्वयंपाकघरात सगळ्या वळून तिच्याकडे बघायला लागल्या. मुलीने चारचौघांत शिवी द्यावी तसे तिघींचे चेहरे झाले.

"राहू दे," ओरिस्या म्हणाली. "मी डहाळ्या बघते."

तायसियाने पीठ चाळायला घेतलं. जे बोलायचं ते आत्ताच बोलायला हवं, हे तिला कळत होतं. रात्रभर तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं.

"पहिली मूठ यारिनाची," ती चाळणीकडे बघत म्हणाली. "बाप्तिस्म्याला ओरिस्याला तिने हातात धरलं होतं. धर्माची आई आहे ती. कोरोवायची सुरुवात तिनेच करायची असते. हेसुद्धा मी ठरवलेलं नाही."

झिनाइदाने उसासा टाकला. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तायसिया, यारिना मला काय परकी आहे? पण तू मला सांग, ती आज कोण आहे? देम्यान गेल्या उन्हाळ्यापासून बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे काय? हो का नाही? मला कुणीतरी सांगा. पोरीच्या संसाराची सुरुवात अशा शंकेने करायची का?"

तायसियाच्या हातातली चाळणी थांबली. देम्यान तिचा मुलगा. पूर्वेकडे लढायला गेला आणि एका सकाळी त्याचा फोन लागेनासा झाला. त्यानंतर कुणी तो मेला असं सांगितलं नाही, जिवंत आहे असंही सांगितलं नाही. ज्या दिवशी घरच्या लग्नाच्या कणकेतून त्याच्या बायकोला वगळलं जाईल, त्या दिवशी ते सांगून झालेलं असेल, आणि तेही घरच्यांनीच. हे तायसियाला मान्य नव्हतं. जीव गेला तरी मान्य नव्हतं. पण हे सगळं बोलण्याऐवजी ती पुन्हा पीठ चाळायला लागली.

"ती तर आलीच नाही," मोत्रिया हलकेच म्हणाली. "सकाळी ड्यूटी बदलून घेतलीन म्हणे."

ते खरं होतं. यारिना पाणी विभागात तक्रारींच्या फोनवर बसायची आणि आज रजा असूनही पहाटेच सायकल काढून निघून गेली होती. तिला कुणी वगळायच्या आत तिनेच स्वतःला वगळून टाकलं होतं.

"मग झालं तर," झिनाइदा म्हणाली. "आपण तिघी. विषमही आहोत आणि नवरेवाल्याही आहोत. युखिम! पाणी आण!"

तायसियाचा नवरा युखिम दारातच उभा होता. सगळं ऐकलं असणार, पण चेहरा कोरा. जहाज बांधणीच्या कारखान्यात उभा जन्म वेल्डिंग करून त्याचा चेहरा काचेमागे राहायला शिकला होता, असं तायसिया म्हणायची. शहरातून आता जहाजं बाहेर पडत नव्हती, पण या भट्टीला जे दार होतं ते जहाजाच्या पत्र्याचं होतं, आणि ते त्याने स्वतः केलेलं होतं.

"बोलला नाहीस ना वाटेत?" झिनाइदाने विचारलं. कोरोवायचं पाणी उजाडायच्या आत, कुणाशी अवाक्षर न बोलता आणायचं असा तिचा नियम.

"नाही बोललो," युखिमने निळ्या झाकणाचा कॅन खाली ठेवला. "रांगेत सगळे विचारत होते, मी नुसती मान हलवत होतो. त्या फार्मसीवाल्या बाईला वाटलं मला झटका आला. तिने माझा रक्तदाब मोजला."

ओरिस्या हसून हसून बाकावरून पडायची बाकी राहिली.

लढाईच्या पहिल्याच वसंतात नदीवरून गोडं पाणी आणणारी मोठी पाइपलाइन उडवली गेली. तेव्हापासून नळाला येतं ते खारट, पिवळट. त्यात भांडी घासायची, फरशी पुसायची. प्यायचं ते चौकातल्या टाकीवर रांग लावून आणायचं. त्यामुळे घराघरात दोन जातीचे कॅन, आणि पहिल्या वर्षी घराघरात खारट चहा पिऊन झालेला. युखिमने त्यावर झाकणं रंगवली होती. निळं झाकण गोड्याचं, पांढरं नळाचं. आजूबाजूच्या साऱ्या गल्लीची झाकणं त्यानेच रंगवून दिली होती.

वीज नसल्याने रात्री दूध नासलं होतं, म्हणून कणीक पाण्यातच मळायची ठरली. लोणी होतं, अंडी होती. मोठ्या लाकडी काथवटीत तिघींनी हात घातले. झिनाइदाने गाणं धरलं, मोत्रियाने ते सुरात आणलं. तायसिया मळत राहिली, पण आपण काहीतरी चोरतोय असं तिला सारखं वाटत होतं.

कणीक झाकून ठेवतात न ठेवतात तोच हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला.

"आता गं बाई!" मोत्रिया म्हणाली. "यांना आजच मुहूर्त मिळाला!"

"कणीक उचला!" झिनाइदा ओरडली आणि लगेच आपल्याच तोंडावर हात ठेवला. फुगायला ठेवलेल्या कणकेजवळ आरडाओरडा करायचा नाही, दार आपटायचं नाही, भांडायचं तर मुळीच नाही. कणीक घाबरते आणि बसते. त्यामुळे तिघी बायका, एक नवरी आणि युखिम असे सगळे जण काथवट रजईत गुंडाळून चवड्यांवर चालत अंगण ओलांडून घरात गेले. वर आकाशात मोपेड यावी तसा ड्रोनचा भर्रभर्र आवाज येत होता.

मधल्या बोळात, जिथे बाहेर आणि आपल्यामध्ये दोन भिंती असतात, तिथे ते काथवटीभोवती दाटीवाटीने बसले. लांब कुठेतरी धप्प झालं. तायसियाने रजईवर हात ठेवला.

"नदीपलीकडे पडलं," युखिम म्हणाला.

"हळू बोल," झिनाइदा कुजबुजली. "आणि भट्टी कोण झाडणार आहे? कोरोवाय आत सरकवायच्या आधी भट्टी कुरळ्या केसांच्या पुरुषाने झाडायची असते."

या घरात कुरळे केस एकाचेच होते. प्रत्येक लग्नात झाडू हातात घेऊन, आत्याला डोळा मारून, भट्टी झाडायचा तो देम्यानच.

"मी झाडतो," युखिम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे एकही केस नव्हता.

"दादा, तुझ्या डोक्यावर माशी बसली तर घसरून पडेल," झिनाइदा म्हणाली.

ओरिस्या उठली, खुंटीवरची आजोबांची हिवाळ्यातली टोपी काढली आणि त्यांच्या डोक्यावर बसवली. काळ्या कोकराच्या लोकरीची, बारीक कुरळ्या कुरळ्या वळ्यांची टोपी. "हे घ्या. आहेत की कुरळे."

मोत्रिया तोंडात एप्रन कोंबून हसायला लागली. झिनाइदा म्हणाली, हे असलं चालत नाही. तायसिया म्हणाली, लोकर कोकराची आहे, कोकरू नर होतं, कुरळं होतं, अजून काय पाहिजे? आणि कुजबुजत कुजबुजत त्यावर चांगलंच जुंपलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि यारिना धापा टाकत आत आली. केस विस्कटलेले, एका पायाला सायकलची ग्रीस.

"भोंगा चालू असताना सायकलवरून आलीस?" तायसियाने तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. "अक्कल गहाण ठेवलीस का?"

"मला काय हौस आहे? बाबांनी तक्रार नोंदवली!" यारिनाने सासऱ्याकडे बोट दाखवलं. "फोन करून रीतसर नाव-पत्ता सांगितला. म्हणे घरात पाण्याचा मोठा घोटाळा झालाय, तुमच्यापैकी जबाबदार माणूस ताबडतोब पाठवा. साहेब म्हणाले, तुझंच घर दिसतंय, तूच जा." मग तिला टोपी दिसली. "आणि बाबा, हे काय?"

"हे कुरळे केस आहेत," ओरिस्या म्हणाली.

"पण घोटाळा कुठे आहे?"

"होईल," युखिम म्हणाला. "बस जरा."

तायसियाने नवऱ्याकडे पाहिलं. तो काथवटीकडे बघत होता.

भोंगा थांबल्यावर रजई उघडली. कणीक जशी ठेवली होती तशीच बसली होती, फुगायचं नाव नाही. वरून एक भेगही गेली होती. मोत्रियाने बोट खुपसलं. ओरिस्याने हळूच एक चिमूट तोंडात टाकली आणि थू थू करत अंगणाकडे पळाली.

"मीठ! नुसतं मीठ! आजी, हे नळाचं पाणी आहे!"

झिनाइदाने कॅन उचलून निळं झाकण उघडलं, एक घोट घेतला आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "युखिम!"

"अरेच्चा," युखिम म्हणाला. "झाकणं बदलली वाटतं."

मग त्याची जी काही बिनपाण्याने झाली! मोत्रिया म्हणाली, स्वतः रंगवलेली झाकणं स्वतःला कळेनात, आता याला जेवण कुठलं आणि साबण कुठला तेही सांगावं लागेल. ओरिस्या म्हणाली, बरं झालं आजोबा जहाजाचे वेल्डर होते, कप्तान नव्हते. यारिनाही सुटली नाही. तुमच्या खात्याच्या पाण्याने नळ सडले, किटल्या सडल्या, आता लग्नही सडवा, असं मोत्रियाने तिला सुनावलं. यारिना म्हणाली की हे रोज दीडशे लोक मला फोनवर सांगतात, तुम्ही निदान नंबर लावून बोला. नव्या पाइपलाइनवर ओरिस्याचा होणारा नवराच वेल्डिंग करतोय, पाण्याबद्दलचं बाकी सगळं आता त्या झखारला विचारा. युखिम मान खाली घालून सगळं ऐकत होता. टोपी अजून डोक्यावरच होती.

फक्त झिनाइदा हसत नव्हती. ती भेगेकडे बघत होती आणि तिचा रंग उतरला होता.

"भेगाळली," ती म्हणाली. "कोरोवायची कणीक भेगाळली. तायसिया, हे कशामुळे झालं, तुला कळतंय ना?"

"नळाच्या पाण्यामुळे झालं," तायसिया म्हणाली.

"पाणी निमित्त! धर्माच्या आईला डावलून सुरुवात केली म्हणून झालं हे. मीच डावललं." तिने यारिनाचा हात पकडला. "पोरी, ऊठ. परत मळूया. पहिली मूठ तुझी."

तायसियाला हसावं की रडावं कळेना. सकाळी आपण जे जीव तोडून सांगितलं ते हिच्या कानाला शिवलं नाही, आणि एका खारट गोळ्याने हिला सगळं पटलं!

पण यारिनाने हात सोडवून घेतला. "नको, आत्या. मी मळणार नाही."

"का?"

"तुम्ही सकाळी काय म्हणाला असाल, ते मला माहीत आहे. तुम्ही नसता म्हणालात तरी मीच म्हणाले असते." ती उभी राहिली आणि भिंतीला टेकली. "आणि मी आले तर चार होतात. चार चालत नाहीत."

झिनाइदाने एक क्षण विचार केला. मग तिने एप्रनची गाठ सोडली आणि तो घडी करून बाकावर ठेवला.

"आता तीन," ती म्हणाली. "माझा नवरा हयात आहे, पण कुणाच्या उपयोगाचा हयात आहे? मी गाणं म्हणेन. गाण्याला नवरा लागत नाही."

तायसियाने नणंदेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईने कुठल्याही लग्नातली काथवट सोडली नव्हती. तिला त्या क्षणी झिनाइदाला मिठी मारावीशी वाटली, पण मारली असती तर ती पुन्हा बोलायला लागली असती.

"आत्या, प्रश्न संख्येचा नाही," यारिनाचा आवाज फुटला. "मला भीती वाटते. मी दर महिन्याला त्याच्या नंबरवर रिचार्ज मारते, का, तर नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ नये. रोज एकदा लावते. लागत नाही. रोज स्वतःला सांगते, आहे तो. कधीकधी सांगायला विसरते, आणि मग दिवसभर स्वतःची लाज वाटते. अशा हातांनी मी पोरीचा कोरोवाय मळू? उद्या तिचं काही कमी-जास्त झालं तर? माझ्या हाताने झालं असं मला जन्मभर वाटत राहील."

तायसियाला बोलायचं होतं. तो आहे, असं ओरडून सांगायचं होतं. पण तिलाही कधीकधी विसरायला व्हायचं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तेव्हा ओरिस्या पुढे झाली. तिच्या हनुवटीला अजून खारट पीठ लागलेलं होतं.

"मामी, मामा कुठे आहे ते तुला माहीत नाही. मलाही नाही, आजीलाही नाही. ते मी विचारतच नाहीये. तू मला एवढंच सांग, तू त्याची बायको आहेस का?"

यारिनाने तिच्याकडे पाहिलं. "आहे."

"शंका आहे?"

"यात कसली शंका?"

"मग मळ," ओरिस्या म्हणाली. "माझ्या लग्नात मला तेवढंच हवंय. झखारलाही उद्या कधीही लढाईवरचं बोलावणं येऊ शकतं. मला तुझ्यासारख्याच हातांचा कोरोवाय पाहिजे. आणि लवकर मळ, मला भूक लागलीये आणि कुणी जेवायलाच देत नाहीये."

यारिनाने नाक ओढलं, बाह्या वर केल्या आणि पायाची ग्रीस हाताला लागलीये का ते बघितलं.

"साबण दे," ती म्हणाली. "आणि पाणी ओतायच्या आधी मी चव घेणार. या घरातल्या झाकणांवर माझा विश्वास नाही."

"पण अंडी?" मोत्रिया म्हणाली. "अंडी सगळी त्यात गेली. लोणीसुद्धा."

युखिम खोकला. "तळघरात आहेत. सकाळी चुकून दुप्पट आणली. लोणीपण. पीठ बहुतेक आहे एक पिशवी."

तो खाली गेला आणि सगळं घेऊन आला, एका टोपलीत नीट रचलेलं. दुसऱ्या हातात पांढऱ्या झाकणाचा कॅन होता. यारिनाने झाकण उघडून चव घेतली. पाणी गोडं होतं, पहाटे मुकाट्याने आणलेलं.

दुसरी कणीक फुगली. इतकी फुगली की रजई वर उचलली गेली आणि झिनाइदाने तीनदा छातीवर क्रूसाची खूण केली. गाणं तिनेच म्हटलं आणि सगळी कडवी म्हटली, कुणाची सुटका झाली नाही. दुपार कलताना कोरोवायवर वेण्या चढल्या, कणकेची पाखरं बसली. एका पाखराला यारिनाने जरा मोठी चोच केली. ते पाखरू झिनाइदाआत्यासारखं दिसतं असं मोत्रियाने जाहीर केलं, आणि झिनाइदाला ते आवडलं.

मग सगळ्या जणी हात धुवायला गेल्या. युखिम झाडू घेऊन भट्टीसमोर वाकला. तायसिया मागे राहिली.

"रांगेत तू कुणाशी बोलला नाहीस म्हणे," ती म्हणाली.

"नाही."

"मग विचार करायला भरपूर वेळ मिळाला असेल."

युखिम निखारे बाजूला सारत राहिला.

"दुप्पट अंडी. दुप्पट लोणी. सुनेला तक्रारीचा फोन, तोही घोटाळा व्हायच्या आधी. अख्ख्या गल्लीची झाकणं रंगवणारा माणूस स्वतःचं झाकण चुकतो?" तायसिया त्याच्या कानाशी वाकली. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू मळताना हसली असतीस," युखिम म्हणाला. "झिनाइदाला माझं बोलणं लहानपणापासून पटत नाही. कणकेचं पटतं. म्हणून कणकेला बोलायला लावलं."

"आणि दिवसभर सगळ्यांनी तुझी टर उडवली ती?"

"त्याला काय होतंय. म्हातारा झालोय मी, सगळ्यांनी आजच सांगितलं."

तायसियाने त्याच्या पाठीवर एक गुद्दा हाणला. मग तो हात तिने तिथेच ठेवला. भट्टीच्या धगीने युखिमच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तो काळ्या लोकरीखाली लालबुंद झाला होता.

"काढ आता ती टोपी. इथे कुणी बघत नाहीये. उकडून मरशील."

"राहू दे," युखिम म्हणाला. त्याने भट्टीच्या कोपऱ्यातली राख नीट ओढून घेतली. "मी बदलीवर आहे. बदलीचा माणूस पूर्ण पोशाखात लागतो." त्याने झाडू भिंतीला टेकवून ठेवला, दाराजवळ, देम्यान ठेवायचा तिथेच. "तो आला की त्याला टोपी लागणार नाही."